लाट बसते ती वाळताना

गणपतीनंतरच्या पहिल्याच वर्गात आमच्या गाण्याच्या बाईंनी सांगून टाकलं, की जानेवारीतला कार्यक्रम प्रभात फिल्म कंपनीच्या काळातल्या गाण्यांचा करायचा. कोरसमधल्या सहाजणींनी नुसत्या काठापदराच्या साड्या नेसून भागणार नाही, केसही त्या काळातले हवेत. पाचजणींनी लगेच गंगावन लावून अंबाडा घालायचं ठरवलं. मी म्हटलं, मी पुढे लाटा घालते.

कानावरून वळून जाणाऱ्या, कपाळाला चिकटून बसलेल्या त्या लाटा मला लहानपणापासून आवडतात. पण तेव्हा माझे केस कमरेपर्यंत होते आणि सरळसोट. एवढ्या केसांना वळण लावत बसायला वेळ कुणाला होता? मग दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला. ताप आठ दिवसांत गेला, पण ऐन दिवाळीच्या सुमारास केस गळायला लागले. न्हाणीघराच्या जाळीवर रोज मूठभर. डॉक्टर म्हणाल्या, मोठ्या तापानंतर असं होतं, बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळून पडतात. मुळं शाबूत आहेत, परत येतील. आले. पण तोवर शेपट्याची उंदराची शेपटी झाली होती. मी तो खांद्यापर्यंत कापून टाकला आणि त्यानंतर कितीतरी दिवस नुसता भांग पाडून घराबाहेर पडत राहिले. केसांचं काही हौसेनं करावं असं वाटतच नव्हतं. त्या दिवशी वर्गात मी आपण होऊन बोलले, तेव्हा फार दिवसांनी मला बरं वाटलं.

आमचा वर्ग भरतो प्रभात रोडच्या एका गल्लीत. या रस्त्याला ज्या प्रभात फिल्म कंपनीवरून नाव पडलं, ती १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्यात आली. तिच्या स्टुडिओच्या जागेत आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. येता-जाता आपण तिथून किती वेळा जातो! त्या आठवड्यात मी त्या काळच्या नायिकांचे जुने फोटो शोधून शोधून पाहिले, मोठे करून पाहिले. एक गोष्ट लक्षात आली. बऱ्याच फोटोंत लाटा फक्त पुढे, भांगापासून कानापर्यंत. मागे केस लांबच आहेत आणि त्यांचा मानेवर अंबाडा बांधलेला आहे. परदेशात १९२० च्या दशकात बायकांनी केस कापले आणि त्या आखूड केसांवर ही तऱ्हा बहरली. आपल्याकडच्या बायकांनी केस न कापता ती तेवढी पुढे घेतली आणि मागचा अंबाडा जिथल्या तिथे ठेवला. मला ही निवड फार देखणी वाटते.

सुरुवात पार्लरपासून केली, हे मुद्दाम सांगते, कारण बहुतेक जणी तिथेच जातील. फोटो दाखवला, बाराशे रुपये सांगितले, मी हो म्हटलं. केस धुऊन पुरते वाळलेही नव्हते आणि मुलीनं गरम दांडा लावला. चर्रर्र आवाज आला, वाफ निघाली आणि जळका वास आला. मरमरून परत आलेल्या केसांचा तो वास मला सहन झाला नाही. फोटोतल्या लाटा कपाळाला धरून असतात. इथे मानेवर मोठ्या मोठ्या वेटोळ्या सोडल्या होत्या. बाहेर भुरभुर पाऊस. कर्वे पुतळ्यापर्यंत पोचेस्तोवर वेटोळ्यांची कळा गेली आणि दुसऱ्या दिवशी टोकं झाडूसारखी फुटलेली दिसली. तसं गरम चिमट्यानं लाटा घालायची पद्धत जुनीच आहे. मार्सेल ग्रातो नावाच्या फ्रेंच केशरचनाकारानं ती पॅरिसमध्ये १८७० च्या दशकात रूढ केली आणि ‘मार्सेल वेव्ह’ हे नाव त्याचंच. पण मला ती वाट नको होती. ओल्या केसांवर बोटांनी आणि कंगव्यानं घालायच्या लाटांना दांडा लागतच नाही.

घरी पहिला प्रयत्न त्याच आठवड्यात केला. रात्री केस धुतले, हाताला येतील तशा बटा गुंडाळल्या, काळ्या पिना खोचल्या आणि झोपले. सकाळी सोडलं तर अर्ध्या बटा इकडे, अर्ध्या तिकडे, आणि चहा होईपर्यंत सगळं सरळ. रविवारी नारायण पेठेत आत्याकडे गेले होते, तिला सांगितलं. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे.

“पूर्ण वाळले होते का गं?” तिनं विचारलं.

“वाळले होते की. हात लावून बघितला होता.”

“वरून लावलास. आत बोट घातलंस का गुंडाळीच्या?”

नव्हतं घातलं.

मग तिनं सांगितलं. ती हुजूरपागा शाळेत असताना गॅदरिंगच्या आदल्या दिवशी माझी आजी जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडायची, ओलसर केसांची एकेक बट चिंधीवर गुंडाळून गाठ मारायची. “दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चिंध्या डोक्यात. मी घाई केली की आई हातावर चापट मारायची. म्हणायची, ओला केस सोडलास तर तो गेला आपल्या मूळपदावर.” आत्याच्या गॅदरिंगचे कुरळे केस आणि माझ्या फोटोतल्या लाटा यांत तसा फरक आहे, पण मला जे कळलं नव्हतं ते नेमकं हेच होतं.

घरी येऊन मी त्यामागचं कारण वाचून काढलं, आणि ते कळल्यावर पुढचं सगळं सोपं झालं. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्यातल्या साखळ्या एकमेकींना बऱ्याच ठिकाणी हायड्रोजन बंधांनी धरून असतात, आणि हे बंध पाण्यानं सुटतात. केस वाळतो तसे ते पुन्हा जुळतात, आणि त्या वेळी केस ज्या आकारात असेल त्याच आकारात जुळतात. दोरीवर चुरगळून वाळलेला सुती ब्लाउज आठवा. वाळल्यावर कितीही हात फिरवा, ती घडी जात नाही. पाणी शिंपडलं की जाते. केसांचं तसंच. म्हणजे लाट बसते ती वाळताना. जेल, पिना, कंगवा ही सगळी तोवर केसाला जागेवर धरून ठेवायची साधनं. यात आणखी एक भर म्हणजे हवेतली ओलसुद्धा हे बंध सोडवते. पावसाळ्यात माझी लाट चहापर्यंत टिकली नाही, यात माझ्या हातापेक्षा सप्टेंबरच्या हवेचा वाटा मोठा असावा. जानेवारीतली पुण्याची कोरडी हवा या कामाला फार चांगली.

तुळशीबागेत जाऊन चाप आणले. काळ्या पिना गुंडाळीवर रेघ उमटवतात, म्हणून लहान, सपाट, दोन पायांचे स्टीलचे चाप घ्यायचे, आणि लाटांच्या खोलगट जागा दाबायला बदकाच्या चोचीसारखे लांब चाप वेगळे. लहान तीन डझन, लांब आठ. शेपटीवाला बारीक कंगवा घेतला, तो मात्र प्लास्टिकची कड हातावर ओढून पाहून घेतला, कारण दातांना खरखर असेल तर केस तुटतात.

आता जेल. बाजारातल्या जेलनं माझे केस पत्र्यासारखे व्हायचे, म्हणून मी जवसाकडे वळले. भाकरीबरोबर आपण ज्याची चटणी खातो तेच जवस. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मध्यम आच, आणि ढवळत राहायचं, नाहीतर बिया तळाला बसतात. सात-आठ मिनिटांत पाण्यावर पांढरा फेस येतो. चमचा वर उचलला की धार तुटायच्या ऐवजी अंड्याच्या पांढऱ्यासारखी लोंबते. तिथे गॅस बंद करायचा आणि गरम असतानाच गाळायचं. पहिल्या वेळी मला वाटलं अजून थोडं दाट हवं. पाच मिनिटं जास्त ठेवलं, निवू दिलं, आणि मग ते पंचातून गळेचना. पिळून पिळून दोन चमचे निघालं. निवल्यावर ते आपोआप घट्ट होतं, त्यामुळे गॅसवर असताना पातळ वाटलं पाहिजे. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं, त्यानंतर वास येतो. जेल लावायच्या आधी केसांना क्रीम किंवा तेल लावलं असेल तर दोन्ही तळहातावर एकत्र चोळून बघावं. फाटलं, पांढरे कण दिसले, तर ते कण आपल्या काळ्या केसांवर कोंड्यासारखे दिसणार.

वाचताना आणखी एक गोष्ट सापडली, तिचा मला खूप आनंद झाला. परदेशातल्या जुन्या पार्लरांत लाटा बसवायचं जे चिकट पाणी वापरत, त्यात कराया डिंक वापरला जायचा. हा डिंक कांडोळाच्या झाडाचा. आपल्या कोरड्या डोंगरउतारांवर पांढऱ्याफेक खोडाचं, उन्हाळ्यात एकही पान नसलेलं जे झाड दिसतं, ते. पाण्यात टाकला की फुगतो आणि बुळबुळीत होतो. भारतातल्या जंगलातून गोळा केलेला डिंक तिकडे जाऊन बायकांच्या कपाळावर बसत होता!

ऑक्टोबर ते डिसेंबर मी दर शनिवारी सराव केला. त्यातला सगळ्यात अवघड भाग बोटांच्या लाटेचा, म्हणून तो सावकाश सांगते. भांग मधोमध नको, डाव्या भुवईच्या कमानीवर पाडायचा. जास्त केस असलेल्या बाजूला जेल भरपूर लावायचं, इतकं की केसांची एक ओली चकचकीत चादर व्हावी. आधी सगळे केस कपाळाकडे, पुढच्या दिशेनं विंचरायचे. मग भांगापासून दोन बोटं खाली डाव्या हाताची तर्जनी आडवी दाबून ठेवायची. कंगवा बोटाच्या खालच्या कडेला टाळूला टेकेल असा घालायचा आणि केस न उचलता मागे, कानाच्या दिशेनं, साधारण दोन सेंटिमीटर सरकवायचे. सरकवताना कंगवा आणि बोट यांच्यामध्ये केसांचा एक बांध वर उठतो. वाफ्याचा मातीचा बांध असतो ना, तसा. कंगवा काढायचा नाही. तो टाळूवर आडवा निजवायचा, आणि तर्जनी-मधल्या बोटाच्या चिमटीत बांध दाबून थोडा उंच करायचा. मग खालचे केस मागच्या दिशेनं विंचरायचे, पुन्हा दोन बोटं खाली जायचं, आणि आता सरकवायचं ते पुढे. एक वळण मागे, एक पुढे, अशी नागमोड तयार होते.

पहिले तीन शनिवार माझा बांध उठायचा आणि कंगवा काढला की निजायचा. चूक कुठे होती ते चौथ्या वेळी कळलं: मी केस वर ओढत होते. कंगवा टाळूवरून उचलायचा नाही, नुसता बाजूला ढकलायचा. आणि केस मध्येच वाळायला लागले की लगेच पाण्याचा फवारा मारायचा, कारण अर्धवट वाळलेला केस बांध धरत नाही. त्या दिवशी पहिला बांध जागेवर राहिला. मी आरशासमोर तशीच उभी राहिले, बोट काढायला धजत नव्हते.

मागच्या केसांना गुंडाळ्या. एक-एक इंचाची चौकोनी बट घ्यायची, टोक आत ठेवून मुळाकडे वेटोळं करत आणायचं, मधे पोकळी राहील असं, आणि टाळूवर सपाट निजवून दोन चाप एकमेकांवर आडवे लावायचे. टोक बाहेर राहिलं तर तिथे गळासारखा आकडा होतो, नंतर काही केल्या जात नाही. पहिली ओळ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, दुसरी उलट, तिसरी पुन्हा सुलट. दिशा बदलत गेल्या की विंचरल्यावर ओळी एकमेकींत मिसळून लाट होते. सप्टेंबरात मी हाताला येईल तशी गुंडाळत होते आणि म्हणून अर्धं इकडे, अर्धं तिकडे झालं होतं.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी सहाला होता. शनिवारी सकाळी केस धुतले, अकराला बसले, साडेबाराला उठले. पुढे तीन बांध, मागे सतरा गुंडाळ्या, डोक्यात सगळे मिळून चौतीस लहान चाप आणि बांधांच्या मधल्या खोलगट जागांवर चार लांब. वरून जाळी बांधली आणि गॅलरीत उन्हाला खुर्ची टाकली. थंडीत रात्री केस लवकर वाळत नाहीत, म्हणून हे दिवसाच करायचं मी ठरवलं होतं. दुपारभर गाणी म्हणत बसले. रात्री वरून सुती रुमाल बांधून झोपले. उशीवर एका कुशीवर नीट झोप लागली नाही, हे खरं आहे, त्याला उपाय सापडलेला नाही.

रविवारी साडेतीनला मानेजवळची एक गुंडाळी सोडली, आत बोट घातलं. कोरडी, गार नाही, ओलसर नाही. (गार लागलं तर ओल आहे असं समजावं.) मग एकेक करत सगळ्या. त्या क्षणी डोकं नुसत्या स्प्रिंगांनी भरलेलं दिसतं, आणि पहिल्यांदा करणारी प्रत्येक बाई इथे घाबरून हात आखडता घेणार. मीही सरावाच्या वेळी दोनदा इथेच थांबले होते. थांबायचं नाही. मऊ ब्रश घेऊन मुळापासून टोकापर्यंत विंचरत राहायचं. आधी स्प्रिंगा फुटतात, केस पिंजारतात, डोकं दुप्पट होतं. तरी विंचरायचं. मग हळूहळू केस एकमेकांना ओळखायला लागतात. एका बटेचं वळण शेजारच्या वळणात जाऊन बसतं, आणि बघता बघता ब्रशच्या मागे पूर्ण आडवी लाट उमटते. तळहातावर खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळून वरून हात फिरवला. पुढच्या बांधांना मात्र ब्रश लावला नाही. जेलचा कडकपणा फक्त बोटांनी मोडला. लाटांच्या खोलगट जागी लांब चाप पुन्हा दहा मिनिटं लावले, तेवढ्यात साडी नेसून झाली.

एरंडवण्यातल्या एका छोट्या सभागृहात कार्यक्रम झाला. दिव्यांची धग चांगलीच होती. मध्यंतरात ग्रीनरूमच्या आरशात पाहिलं, लाटा जशाच्या तशा. बाईंनी काही न बोलता माझी हनुवटी धरून चेहरा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवून पाहिला. एवढ्यानं माझे डोळे भरून आले. केस गळत होते तेव्हा मी वर्गात ओढणी डोक्यावरून घेऊन बसायचे, हे त्यांना माहीत होतं.

सोमवारी लाटा सैल झाल्या पण तशाही सुंदर दिसत होत्या. ऑफिसात तशीच गेले. मंगळवारी कोमट पाण्यानं धुतलं, जवसाचं जेल पहिल्याच पाण्यात निघून गेलं आणि केस पुन्हा सरळसोट. टोकं फुटली नव्हती.

पुढच्या रविवारी डबीत उरलेलं जेल आणि चाप घेऊन आत्याकडे गेले. तिचे केस आता पांढरेशुभ्र आणि विरळ आहेत, तरी पुढे दोन बांध सुंदर उठले. तिला नऊ चाप पुरले. मागे मी गुंडाळ्या करणार होते, पण तिनं कपाटातून जुन्या सुती साडीचा तुकडा काढून ठेवला होता, “मागे चिंध्याच बांध.” तासाभरानं मला निघायचं होतं, म्हणून म्हटलं, बघू गं, वाळले असतील. तिनं माझा हात बाजूला केला आणि स्वतःच एका गुंडाळीत बोट घातलं.

“अजून गार आहे,” ती म्हणाली. “तू जा. मी संध्याकाळी सोडीन.”